उलट गुणांचा प्रश्न

अठरा विधानं. प्रत्येकापुढे पाच चौकोन,
'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत.
मधला चौकोन : सांगता येत नाही.
सरांनी बजावलं होतं, त्या मधल्यात कुणाला बसू देऊ नकोस,
तिथे सावली असते,
एकदा बसली की माणसं उठत नाहीत.

कुडचड्याला रेल्वे फाटकापासून सुरुवात केली.
मे महिना. क्लिपबोर्डची चाप बोटांना चटका देणारी.

पहिलं घर फळदेसायांचं. अंगणात ट्रक,
खाण बंद झाली त्या दिवशी उभा केला तसाच,
हौद्यात आता दुधीचा वेल.
यशवंतराव म्हणाले, "गोळी? आपण नाही घेत. लिहा."
मी तिसरं विधान वाचलं :
झोपेसाठी गोळी घेणं हा मनाचा दुबळेपणा आहे.
"पूर्ण सहमत. शशी, पाणी आण गो."

तेवढ्यात कोळशाची गाडी आली
आणि ती संपेपर्यंत कुणालाच काही बोलता येईना.
ते खिडकी लावायला उठले, धूळ येते म्हणून.
तांब्या पुढे करत शशिकलाबाई माझ्या कानाशी वाकल्या :
"रोज अर्धी. आडकित्त्यानं मीच कापते.
पोटाची म्हणतात ते तिला. मीही म्हणते."
आणि तुम्ही?
"मी जागी असते. एवढे गाढ झोपतात,
श्वास चाललाय का बघायला कुणीतरी नको?"

त्यांचा कागद भरता आला नाही.
नियम असा की एका घरातून एकच.

मेल्रॉय वेर्ण्याच्या कारखान्यात रात्रपाळीला,
पट्टीत दहा, डब्यात दहा पट्ट्या,
डोळ्यांपुढून पांढरी रांग, मेंढरं मोजावीत तशी.
सकाळी घरी येतो, पडदे ओढतो, आणि छताकडे बघत राहतो.
"एक घेऊन बघावी कधी?"
"छे! कशी बनते ते पाहिलंय मी."
कशी बनते, ते सांगितलं नाही.
सगळ्या अठरा विधानांना त्याने एकाच रांगेत खुणा केल्या
आणि पेन माझ्या हातात देताना जांभई दिली.

इर्मेलिंदा बार्रेटो बलकांवात बसल्या होत्या.
"न्हीद येना, बाय," एवढं कोकणीत,
मग माझ्यासाठी मोडकं मराठी.
बिस्किटांचा जुना डबा आणला. आत सतरा गोळ्या,
डॉक्टरांनी दिल्या त्या सतराच्या सतरा.
नवरा गेला त्या वर्षी दिल्या होत्या. तारीख कधीच उलटलीय.
"घेतली नाही एकपण.
पण डबा पलंगाखाली असला तर डोळा लागतो.
सुनेने एकदा साफसफाईत माळ्यावर टाकला,
तीन रात्री बसून काढल्या मी."

सातवं विधान वाचलं :
गोळी न घेताही मला झोप लागेल, असा माझा विश्वास आहे.
त्यांनी डब्यावर हात ठेवला
आणि ठामपणे सांगितलं, पूर्ण सहमत.

मी चौथ्या आणि पाचव्या चौकोनाच्या मधल्या रेघेवर
पेन टेकवून बराच वेळ थांबले.
मग पाचव्यातच खूण केली. त्या बघत होत्या.

रात्री काकोड्याच्या भाड्याच्या खोलीत आकडे चढवायला बसले.
सातव्याचे गुण उलट मोजायचे असतात,
सहातून वजा करून. पाच दिले तर एक लिहायचा.
इर्मेलिंदांच्या पुढे मी एक लिहिला.
हिशेब बरोबर आहे, दोनदा तपासला.
फळदेसायांच्या तिसऱ्याला पाच,
तोही बरोबर.

दोन वाजता पुन्हा कोळशाची गाडी.
फाटकाजवळच्या त्या घरात
कुणीतरी आत्ता हात नाकाशी धरून बसलं असेल
आणि एवढ्या आवाजात काय कळणार.

मी डबे मोजायला घेतले.
एकतीस, बत्तीस... मध्येच कुठेतरी चुकले.
मागे जाऊन पहिल्यापासून मोजता येत नाही,
तोवर गाडी सावर्ड्याच्या पुलावर गेलेली असते.